सफरचंदाचे पाणी, बटरचे थर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

न्याहारीसाठी सफरचंदाचे गोड सारण भरलेल्या पेस्ट्री घरीच करू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी आली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. तक्रारी अनेक असल्या, तरी त्यांतील बहुतेकांचे मूळ सफरचंदातल्या पाण्यात किंवा बटरच्या तापमानात आहे. त्यामुळे या दोन विषयांवरची उत्तरे लांबली आहेत आणि बाकीची आटोपशीर ठेवली आहेत.

प्रश्न: माझ्या पेस्ट्री वरून छान सोनेरी होतात, पण तळ ओला आणि कच्चा राहतो. जास्त वेळ भाजल्या, तर वरचा भाग करपतो. सारण म्हणून मी सफरचंदाच्या कच्च्या फोडींना साखर आणि दालचिनी लावून त्या तशाच भरते. काय चुकत असावे?

उत्तर: आपले भाजणे ठीक आहे, चूक भरण्यात आहे. ताज्या सफरचंदाच्या वजनापैकी सुमारे ८५ टक्के पाणीच असते. साखर लागताच ते फोडींतून बाहेर पडू लागते आणि ओव्हनच्या उष्णतेने फळाच्या पेशी फुटल्या की उरलेलेही सुटते. हे सगळे पाणी पारीच्या तळाशी साचते, आणि जोवर तिथे पाणी आहे तोवर त्या जागेचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. वरची बाजू कोरड्या उष्णतेत भाजली जात असताना तळ मात्र नुसता उकडत राहतो. अशी पेस्ट्री मधोमध कापून पाहिली, तर सारणाच्या लगत मेणासारखी दिसणारी, थर नसलेली एक करडी पट्टी दिसते. ती कितीही भाजली तरी सुधारत नाही. कच्च्या फोडी भरण्याचा आणखी एक तोटा असा, की सफरचंदाच्या आकारमानाचा जवळपास पाचवा ते चौथा हिस्सा हवेचा असतो. फळ शिजून आक्रसले की पारीचे छत वर आणि सारण खाली, अशी पोकळी तयार होते.

यावर खात्रीचा उपाय एकच: पाणी भरण्याआधीच काढून घ्यावे. अर्धा किलो सोललेल्या सफरचंदाच्या साधारण एक सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात, त्यांत ७० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून पातेले झाकावे आणि अगदी मंद आचेवर दहा ते पंधरा मिनिटे ठेवावे. आच मंद ठेवण्यामागे कारण आहे. ६० ते ७० अंशांच्या दरम्यान सफरचंदातील एक विकर (एन्झाइम) पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनवर काम करते, त्यामुळे पुढे फळातील कॅल्शियमच्या साहाय्याने पेशींच्या भिंती घट्ट होतात. सुरुवातीपासून मोठ्या आचेवर शिजवलेल्या फोडींचा लगदा होतो, मात्र अशा रीतीने हळूहळू तापवलेल्या फोडी नंतर ओव्हनमध्येही आकार धरून राहतात. फोडी टोचल्यावर सुरी सहज आत जाऊ लागली, पण फोड मोडत नाही, या टप्प्याला त्या चाळणीत निथळत ठेवाव्यात.

खाली जमलेला रस फेकू नये, सफरचंदाचा खरा स्वाद त्यातच उतरलेला असतो. तो पातेल्यात उकळून निम्मा करावा. त्यात २० ग्रॅम बटर घालावे आणि दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर चमचाभर गार पाण्यात कालवून ओतावे. मिश्रणाला एकदा नीट उकळी आली पाहिजे. त्याशिवाय स्टार्च पूर्ण फुलत नाही आणि सारणाला कच्च्या पिठाची चव येते. उकळी आल्यावर मिनिटभरात पातेले उतरवावे, त्यात अर्धा चमचा दालचिनी पूड आणि एक चमचा लिंबाचा रस घालावा आणि निथळलेल्या फोडी परत घालाव्यात. लिंबू शेवटी घालण्याचे कारण असे, की आंबटपणात बराच वेळ उकळलेले कॉर्नफ्लोअर पुन्हा पातळ होते. सारण तयार झाल्याची खूण पातेल्यातच दिसते. चमच्याने तळावर रेघ ओढली, तर ती क्षणभर तशीच राहावी आणि मग सावकाश भरून यावी.

त्यानंतर सारण पूर्ण गार करावे. पूर्ण गार म्हणजे कोमट नव्हे, फ्रिजमधून काढल्यासारखे गार. कोमट सारणानेही पारीतले बटर वितळते, आणि ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच वितळलेल्या बटरचे थर सुटत नाहीत.

एवढे करूनही शंका वाटली, तर ऑस्ट्रियात सफरचंदाचा श्ट्रूडेल करताना वापरली जाणारी युक्ती उपयोगी पडेल. तिथे पारी अगदी पातळ असते आणि फोडी कच्च्याच भरतात, म्हणून सारणाखाली बटरवर परतलेला ब्रेडचा चुरा पसरतात. सुटलेला रस तो चुरा शोषून घेतो. प्रत्येक पेस्ट्रीच्या मध्यभागी चहाचा एक चमचाभर कोरडा चुरा पुरेसा होतो आणि खाताना तो जाणवतही नाही. शेवटी ट्रेविषयी: सिलिकॉनच्या चटईमुळे तळाला उष्णता उशिरा पोहोचते. त्याऐवजी धातूच्या ट्रेवर साधा बेकिंग पेपर अंथरावा, आणि ओव्हन तापत असतानाच दुसरा एक ट्रे उपडा करून आत तापू द्यावा. पेस्ट्रीचा ट्रे त्या तापलेल्या ट्रेवर ठेवला, की तळाला पहिल्या मिनिटापासून आच लागते.

प्रश्न: कोणते सफरचंद घ्यावे? लाल, गोड सफरचंदांचे सारण मला फिके लागते.

उत्तर: आपल्याला फिके लागते ते बरोबरच आहे. शिजवल्यावर आणि साखर घातल्यावर टिकून राहते ती आंबट चव. खाण्यासाठी गोड म्हणून निवडलेल्या फळात ती मुळातच कमी असते. हिरवे, कडक आणि आंबट ग्रॅनी स्मिथ हे यासाठी सर्वांत भरवशाचे. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात एका बागेत आपोआप उगवलेल्या रोपापासून ही जात पुढे आली आणि शिजवण्यासाठी आजही अनेकांची पहिली पसंती तिलाच असते. ब्रेबर्न आणि पिंक लेडी याही जाती आकार धरून ठेवतात. गोल्डन डेलिशियस गोडसर असले तरी शिजून विरघळत नाही, म्हणून ते निम्मे आणि आंबट सफरचंद निम्मे असे मिश्रण माझ्या मते चवीला सर्वांत चांगले होते. रेड डेलिशियस मात्र टाळावे: त्यात आंबटपणा कमी असतो आणि साठवणुकीत गर पिठूळ होतो.

मऊ होऊन विरघळणारी जात वाईटच, असेही नाही. इंग्लंडमधील ब्रॅम्ली शिजताच फेसाळ लगदा होते. फ्रान्समध्ये न्याहारीला खाल्ली जाणारी शोसाँ ओ पोम ही अर्धचंद्राकृती पेस्ट्री तर मुद्दाम अशाच मऊ, घोटलेल्या सारणाने भरतात. घोटलेले सारण करायचे असेल, तर ते चमचा उलटा केला तरी पडणार नाही इतके आटवावे.

प्रश्न: टर्नओव्हर, डॅनिश, पफ या सगळ्यांची पारी एकच असते का? पहिल्यांदाच करायचे असेल तर काय निवडावे?

उत्तर: एकच नसते. पफ पेस्ट्रीच्या पारीत मैदा, पाणी, मीठ आणि बटर एवढेच असते. तिच्यात यीस्ट नसते. ओव्हनच्या उष्णतेने पारीतल्या पाण्याची वाफ होते, आकारमानाने ती पाण्याच्या सुमारे १६०० पट होते, आणि बटरच्या थरांमुळे कोंडलेली ती वाफच एकेक पापुद्रा वर उचलते. टर्नओव्हर, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या पेस्ट्री, या पारीचे होतात. डॅनिशच्या पारीत दूध, साखर आणि यीस्ट असते, त्यामुळे ती बाहेरून पापुद्र्यांची आणि आतून पावासारखी मऊ होते. डेन्मार्कमध्ये ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ऑस्ट्रियन बेकऱ्यांकडून आली, असे सांगितले जाते.

पहिल्याच प्रयत्नात डॅनिशला हात घालू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. यीस्टला ऊब हवी असते आणि बटरला गारवा. दोघांना एकाच पिठात सांभाळणे सरावाने जमते. व्हिडिओमध्ये ते पाच मिनिटांत उरकलेले दिसते, कारण फ्रिजमधले तास त्यात कापलेले असतात.

सुरुवातीला झटपट पफ करावी. २५० ग्रॅम मैद्यात ५ ग्रॅम मीठ मिसळावे. फ्रिजमधल्या २०० ग्रॅम बटरचे बोराएवढे तुकडे त्यात टाकून फक्त घोळवून घ्यावेत, ते चोळून मैद्यात जिरवू नयेत. बर्फाच्या ११० ते १२० मिलिलिटर पाण्यात लिंबाचा एक चमचा रस मिसळून ते हळूहळू घालावे आणि गोळा कसाबसा एकत्र येईल इतपतच पीठ दाबावे. या वेळी गोळा ओबडधोबड दिसतो, बटरचे पिवळे ठिपके वर दिसतात आणि कडेला थोडे पीठ सुटलेलेही असते. त्याने घाबरून मळत बसू नये. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून गोळा लांबट आयतात लाटावा, त्याची पत्रासारखी तीन पदरी घडी घालावी आणि पाव फेरी वळवून पुन्हा लाटून घडी घालावी. पुन्हा अर्धा तास गार करून अशाच आणखी दोन घड्या घालाव्यात. दुसऱ्या घडीपर्यंत ठिपक्यांच्या लांब रेषा होतात आणि चौथ्या घडीला पारी रेशमी, एकसारखी दिसू लागते.

प्रश्न: यीस्ट घातलेल्या पारीच्या पेस्ट्री भाजताना ट्रेवर बटरचे तळे साचते आणि आत थर दिसत नाहीत, पावासारखी जाळी दिसते. प्रमाण कृतीप्रमाणेच होते.

उत्तर: प्रमाण तपासण्यासाठी आधी ते लिहितो: मैदा ५०० ग्रॅम, गार दूध सुमारे २७० मिलिलिटर, साखर ५० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, पिठात मिसळायला मऊ बटर ४० ग्रॅम आणि थरांसाठी वेगळे २५० ग्रॅम. आपले प्रमाण याच्या जवळपास असेल, तर दोष तापमानाचा आहे.

थरांचे बटर साधारण १३ ते १६ अंशांवर असावे. याहून गार बटर लाटताना तडकते आणि पिठाच्या आत त्याचे सुटे तुकडे होतात. ज्या जागी बटर नाही तिथे पीठ पिठाला चिकटते. याहून ऊबदार बटर पिठात मुरते आणि मग थर उरतच नाहीत, आपल्याला दिसलेली जाळी त्याचीच खूण आहे. थर्मामीटर नसेल तर बटरची लाटलेली पट्टी टेबलाच्या कडेवर वाकवून पाहावी. ती न तुटता वाकली आणि बोटाला चिकटली नाही, म्हणजे लाटायला योग्य झाली. पीठही तितकेच घट्ट असावे. मऊ पीठ आणि कडक बटर ही जोडी हमखास दगा देते. प्रत्येक तीन पदरी घडीनंतर पारी ३० ते ४५ मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. ही विश्रांती बटरसाठी जितकी असते, तितकीच पिठासाठीही असते, कारण पिठाला लवचिकपणा देणारे ग्लुटेन ताणलेलेच राहिले, सैल झाले नाही, तर पारी लाटताच मागे आखडते आणि मग आपण जोर लावतो, त्या जोराने थर फाटतात. यीस्टच्या पारीला अशा तीनच घड्या द्याव्यात. त्यातून बटरचे २७ थर होतात आणि ते पुरेसे असतात. पारंपरिक पफला सहा घड्या घालून ७२९ थर करतात, मात्र यीस्टच्या पिठात तेवढे पातळ थर टिकत नाहीत.

ट्रेवर साचलेल्या बटरची कारणे दोन असू शकतात, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. पहिले, फुगवण्यासाठी पेस्ट्री फार उबदार जागी ठेवली जाते. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळत असले तरी त्याच्या बरेच आधी ते मऊ होऊन पिठात मुरू लागते, म्हणून फुगवण्याची जागा २४ ते २६ अंशांची असावी. दुसरे, पेस्ट्री पुरत्या फुगण्याआधीच ओव्हनमध्ये जातात. आतले पीठ घट्ट असल्यामुळे ते वितळलेले बटर धरून ठेवू शकत नाही आणि ते बाहेर वाहून जाते. दीड ते दोन तासांनी कापलेल्या कडेवर थर किंचित विलग झालेले दिसले आणि ट्रे हलकेच हलवल्यावर पेस्ट्री डुलली, तरच त्या भाजायला घ्याव्यात. घड्याळापेक्षा ही खूण जास्त विश्वासाची.

आणखी एक गोष्ट: वेष्टनावर फॅटचे प्रमाण वाचावे. बटरमध्ये ते ८० टक्क्यांच्या आसपास असते. पावाला लावण्याच्या कमी फॅटच्या पदार्थांत पाणीच जास्त असल्यामुळे त्यांचे थर होत नाहीत.

प्रश्न: कडा कितीही दाबल्या तरी भाजताना उघडतात आणि सारण बाहेर येऊन जळते.

उत्तर: बहुधा सारण जास्त होत असावे. दहा सेंटिमीटरच्या चौकोनात दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ४० ग्रॅम, एवढेच मावते. कडेची दीड सेंटिमीटर जागा कोरडी आणि स्वच्छ राहिली पाहिजे. तिथे सारणातले बटर लागले तर कड चिकटत नाही. एका बाजूला ओल्या बोटाने अगदी पातळ पाणी लावावे, आधी बोटांनी दाबून आतली हवा काढावी आणि मग काट्याने ठसे उमटवावेत. अंडे लावताना ते कापलेल्या कडेवरून ओघळू देऊ नये, कारण ते वाळले की थर एकमेकांना चिकटून बसतात. वर दोन-तीन चिरा अवश्य द्याव्यात, वाफेला वाट मिळाली नाही तर ती कड फोडूनच बाहेर पडते. भरलेल्या पेस्ट्री भाजण्यापूर्वी २० मिनिटे फ्रिजमध्ये ठेवल्या, तर कडा जास्त चांगल्या टिकतात. हे मात्र यीस्ट नसलेल्या पारीसाठी आहे.

प्रश्न: आम्ही अंडे वापरत नाही. वरचा रंग कसा आणावा?

उत्तर: दुधात थोडी साय आणि अर्धा चमचा साखर विरघळवून लावावी. रंग येतो, चकाकी अंड्याइतकी येत नाही. पेस्ट्री बाहेर काढल्याबरोबर साखरेचा दाट पाक ब्रशने लावला, की ती उणीवही भरून निघते. पारीत तर अंड्याची गरजच नाही, वर दिलेल्या दोन्ही कृती अंड्याविनाच आहेत.

प्रश्न: दालचिनी सारणाऐवजी पिठात घातली तर चालेल का?

उत्तर: यीस्टच्या पिठात नको. दालचिनीतला सुगंधी घटकच यीस्टची वाढ मंदावतो. पफच्या पारीला त्याने काही फरक पडत नाही.

प्रश्न: मैद्याऐवजी गव्हाचे पीठ आणि साखर निम्मी, असे करता येईल का?

उत्तर: साखरेचे उत्तर सोपे आहे. सारणातली साखर ४० ग्रॅमपर्यंत खाली आणता येते. फोडींतून रस सुटायला थोडा जास्त वेळ लागेल आणि सफरचंद आंबट असेल तर चव किंचित जास्त आंबट वाटेल, एवढेच. पिठाच्या बाबतीत मात्र मर्यादा आहे. गव्हाच्या पिठातील कोंड्याचे कण लाटताना पातळ थर कापतात, म्हणून एक चतुर्थांशापेक्षा जास्त पीठ घालू नये. घातल्यास पाणी चमचा-दोन चमचे वाढवावे. संपूर्ण गव्हाची पारी करता येते, पण तिला पापुद्रे सुटण्याची अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न: सकाळी न्याहारीला गरम पेस्ट्री हवी, तर रात्री नेमके कुठपर्यंत करून ठेवावे? आणि उरलेल्या कशा गरम कराव्यात?

उत्तर: पफच्या पेस्ट्री संपूर्ण भरून, कडा बंद करून फ्रीझरमध्ये ठेवणे सर्वांत सोयीचे. ट्रेवर एकमेकांना न चिकटता त्या आधी कडक होऊ द्याव्यात आणि मग हवाबंद डब्यात भराव्यात. महिनाभर त्या उत्तम राहतात. सकाळी त्या वितळवू नयेत. फ्रीझरमधून काढून थेट दूध किंवा अंडे लावावे आणि २०० अंशांवर साधारण अर्धा तास भाजाव्यात, ताज्या पेस्ट्रीपेक्षा पाचेक मिनिटे जास्त लागतात. गोठलेले बटर उशिरा वितळत असल्यामुळे या पेस्ट्रींचे थर पुष्कळदा ताज्यांपेक्षा चांगले सुटतात. ओव्हन मात्र निदान २० मिनिटे आधी लावावा. बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये, छोट्या ओव्हनमध्ये आकडा आणि प्रत्यक्ष तापमान यांत बरीच तफावत असू शकते, म्हणून आत ठेवायचा एखादा साधा थर्मामीटर जवळ असावा.

यीस्टच्या पेस्ट्री रात्री आकार देऊन, सैलसर झाकून फ्रिजमध्ये ठेवाव्यात, सारण मात्र भरू नये. रात्रभरात त्याची ओल पारीत उतरते. सकाळी त्या दीड-दोन तास बाहेर फुगू द्याव्यात, मग मध्यभागी बोटांनी खळगा करून त्यात गार सारण ठेवावे आणि २०० अंशांवर दहा मिनिटे, नंतर १८० अंशांवर आणखी दहा-बारा मिनिटे भाजाव्यात. म्हणजे न्याहारी आठला हवी असेल तर साडेपाचला उठणे आले. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी पफकडेच वळावे.

भाजलेली पेस्ट्री ट्रेवर तशीच ठेवू नये, पाचेक मिनिटांत जाळीवर काढावी, नाहीतर खाली अडकलेल्या वाफेने तळ पुन्हा मऊ पडतो. साखरेचे आयसिंग घालायचे असेल तर पेस्ट्री पूर्ण गार झाल्यावरच घालावे. उरलेल्या पेस्ट्री त्या दिवशी बाहेर आणि नंतर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. गरम करण्यासाठी मायक्रोवेव्ह वापरू नये. त्यात सारण फार तापते आणि पारी चिवट होते. १६० अंशांच्या ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटे पुरेशी होतात. बाहेर काढल्यावर आणखी दोन मिनिटे थांबावे, कारण पारी हाताला कोमट लागते तेव्हाही आतले सारण जीभ भाजण्याइतके गरम असते.